खांदेकरी : मृत्यूच्या घरी धावून येणाऱ्यांचा इतिहास

महाराष्ट्रातील अंत्यविधींविषयी जे लेखन झाले आहे, त्यातील बहुतेक मृताविषयीचे आहे. देह कसा न्यावा, अग्नी कोणी द्यावा, पिंड किती ठेवावेत आणि जिवाची पुढची वाट कशी असते, याचा त्यात सविस्तर ऊहापोह आढळतो. मागे राहिलेल्या घराला त्या दहा-तेरा दिवसांत कोणी सांभाळले, लाकूड कोणी आणले, परगावी निरोप कोणी पोहोचवला, चूल थंड असताना भाकरी कोणी पाठवली आणि या कामांचा मोबदला कोणाला व कोणत्या रूपात मिळाला, हे प्रश्न मात्र धर्मशास्त्राच्या आणि समाजसुधारणेच्या इतिहासाच्या कडेला पडून राहिले. वास्तविक मृत्यूच्या घरी होणारी मदत ही गावाच्या आणि जातीच्या रचनेतील एक पक्की व्यवस्था होती, आणि तिच्यात आपुलकी व सक्ती या दोन्ही गोष्टी इतक्या एकमेकींत मिसळलेल्या होत्या की एकीचा इतिहास सांगताना दुसरी वगळली, तर जे उरते ते खरे नसते.

या व्यवस्थेचा शास्त्रीय पाया ज्या ग्रंथांनी घातला, त्यांच्या कर्त्यांचा महाराष्ट्राशी जवळचा संबंध आहे. मूळच्या पैठणच्या आणि पुढे काशीत स्थायिक झालेल्या घराण्यातील नारायणभट्टांनी सोळाव्या शतकात ‘अंत्येष्टिपद्धती’ लिहिली, त्यांचे नातू कमलाकरभट्ट यांनी 1612 मध्ये ‘निर्णयसिंधू’ पूर्ण केला, आणि पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी 1790 मध्ये रचलेला ‘धर्मसिंधू’ आजही महाराष्ट्रातील उपाध्यायांच्या हाताशी असतो. या ग्रंथांत अशौचाचा, म्हणजे ज्याला व्यवहारात सुतक म्हणतात त्या अवस्थेचा, फार मोठा विचार आहे. नात्याच्या जवळिकीप्रमाणे दहा दिवस, तीन दिवस किंवा केवळ स्नानापुरते अशौच पाळावे, त्या काळात देवपूजा, दान, मंगलकार्य आणि नेहमीचे व्यवहार करू नयेत, असे त्याचे स्थूल स्वरूप आहे. सुतकाकडे आज केवळ विटाळाची कल्पना म्हणून पाहिले जाते आणि तिच्यातील अस्पृश्यतेचा अंश पाहता ते चुकीचेही नाही. परंतु त्याचा एक सामाजिक परिणाम असा होता की दुःखात असलेल्या कुटुंबाला काही दिवस कोणतेही काम करण्याची, कोणाचे आतिथ्य करण्याची किंवा हसतमुख राहण्याची अपेक्षा उरत नसे, आणि त्या घराची कामे आपोआप इतरांवर येत.

ती इतरांनी का करावीत, याचेही उत्तर शास्त्रकारांनी दिले आहे. ज्याला कोणी वारस नाही अशा अनाथ ब्राह्मणाचे प्रेत वाहून नेणाऱ्या द्विजाला पावलोपावली यज्ञाचे फळ मिळते आणि स्नानाने तो तत्काळ शुद्ध होतो, असे पराशरस्मृतीत सांगितले आहे. उलट, पैसे घेऊन प्रेत वाहणाऱ्यासाठी स्मृतिकारांनी अशौचाचा कडक नियम केला. म्हणजे करुणेपोटी दिलेला खांदा पुण्याचा आणि वेतनासाठी दिलेला दोषाचा, अशी विभागणी शास्त्रात होती, आणि तीही वर्णाच्या चौकटीत होती. महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांनी ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ या ग्रंथाच्या 1953 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चौथ्या खंडात अंत्येष्टी, अशौच आणि श्राद्ध यांची जी सामग्री एकत्र केली, ती वाचताना हे प्रकर्षाने जाणवते की प्रेत वाहण्याचे काम समाजाला आवश्यक वाटत होते आणि त्याच वेळी ते करणाऱ्याविषयी त्याच्या मनात भयही होते. या भयाचा भार पुढे कोणाच्या खांद्यावर टाकला गेला, हे गावाच्या रचनेत दिसते.

गावात मृत्यू झाला की पहिल्या तासाभरात जी कामे उभी राहत, ती भावकीने, म्हणजे एका कुळातल्या घरांनी, आणि वाडीतल्या शेजाऱ्यांनी वाटून घ्यावीत, असा सर्वत्र रिवाज होता. कोणी कळक तोडून आणी, कोणी सुंभ वळी, तिरडी किंवा ताटी बांधण्याचे कसब असलेला एखादा जाणता माणूस प्रत्येक वाडीत असे आणि त्याला बोलवावे लागत नसे. सरणासाठी घरटी एक लाकूड देण्याची पद्धत कोकणात आणि देशावरही होती, आणि देशावर लाकूड कमी तिथे गोवऱ्यांचा भरणा जास्त असे. स्मशानाच्या वाटेवर मध्यावर विसाव्याची जागा ठरलेली असे. तिथे तिरडी खाली टेकवून खांदेकरी आपापल्या जागा बदलत, त्यामुळे अधिकाधिक लोकांना खांदा देता येई. प्रेतासमोर अग्नीचे मडके धरणारा, म्हणजे क्रियाकर्माचा अधिकारी, हा बहुधा मुलगा असे; त्याने काही ठरवायचे नसते, इतरांनी सांगावे तसे करायचे असते, हा संकेत इतका रूढ होता की त्याच्या हातात काय द्यायचे आणि त्याला कुठे वळवायचे हे बरोबरची वडीलधारी माणसेच पाहत. तिसऱ्या दिवशी राख सावडणे, म्हणजे अस्थी वेचून घेणे, हेही एकट्या कुटुंबाचे काम नसे.

घरातली चूल पेटवायची नाही, हा नियम अनेक जातींत होता, आणि त्याला जोडून शेजारच्या घरांनी पिठले-भाकरी किंवा आमटी-भात आणून घालण्याचा रिवाज होता. या जेवणाला काही भागांत ‘कडू घास’ म्हणतात. कोणी कोणत्या वेळी भाकरी पाठवायची हे बायकाच ठरवत, आणि स्मशानातून परतलेल्या माणसांना समोर बसवून चार घास खायला लावणे हेही त्यांचेच काम होते. पुरुषांच्या कामाची नोंद विधींच्या पोथ्यांत झाली. बायकांच्या या कामाची नोंद कुठल्याही पोथीत नाही, आणि तरीही दुःखी घराला प्रत्यक्षात उभे ठेवणारे काम हेच होते. परगावाहून आलेल्या बाया उंबऱ्याशी येताच हेल काढून रडत, मृताचे गुण गात गळ्यात पडत, आणि घरातील बाईला पुन्हा पुन्हा रडू देत. शिकलेल्या शहरी वर्गाला हे रडणे पुढे दिखाऊ वाटू लागले. त्या निकालात घाई झाली, कारण ज्या समाजात सुनेला एरवी मोठ्याने बोलण्याचीही मुभा नव्हती, त्यात तिला दहा दिवस उघडपणे आक्रोश करता येणे ही लहान गोष्ट नव्हती.

भावकीच्या पलीकडची कामे बलुतेदारांकडे होती. बलुतेदार म्हणजे गावाची ठरावीक सेवा वंशपरंपरेने करून त्याबद्दल पिकातला वाटा घेणारे. त्यांच्या व्यवस्थेचे त्रिंबक नारायण आत्रे यांनी 1915 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘गावगाडा’ या ग्रंथात बारकाईने वर्णन केले आहे. मडके कुंभाराचे, क्षौर न्हाव्याचे, सुतकाचे कपडे धुणे परटाचे, अशी वाटणी होती. यात सर्वांत जड भार महारांवर होता. मृत्यूचा सांगावा, म्हणजे निरोप, घेऊन उन्हापावसात परगावी धावत जाणे आणि सरणाचे लाकूड वाहून आणणे ही त्यांची वतनी कामे मानली जात, आणि त्याबद्दल मिळणाऱ्या हक्कांत प्रेतावरच्या कापडाचाही समावेश असे. जे घर महाराला अंगणात येऊ देत नव्हते, त्याच घराची दुःखवार्ता नातलगांपर्यंत त्याच्याच पायांनी पोहोचत होती. निरोप्याने निरोप सांगायचा, दाराबाहेर मिळेल ती भाकरी घ्यायची आणि परत फिरायचे. त्याच्या स्वतःच्या घरी कोणी आजारी असेल किंवा मेलेले असेल, तरी नकार देण्याची सोय नव्हती.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या व्यवस्थेवर प्रहार केला तो विधींच्या नव्हे, वतनाच्या बाजूने. 1874 च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक त्यांनी 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात मांडले, आणि अल्प बलुत्याच्या बदल्यात चोवीस तास राबवून घेणारी ही चाकरी म्हणजे गुलामगिरी असल्याचे दाखवून दिले. त्याच्या आदल्या वर्षी, 1927 मध्ये, महाडच्या परिषदेतून मेलेली जनावरे ओढण्याचे काम सोडण्याचे आवाहन झाले होते. गावोगावी महारांनी ही कामे नाकारायला सुरुवात केली तेव्हा त्यांच्यावर बहिष्कार पडले, मारहाणी झाल्या. याचे एक कारण असे की सवर्ण घरांना पहिल्यांदाच आपली मृत्यूची कामे स्वतः करावी लागणार होती. मुंबई राज्याने 1958 मध्ये कनिष्ठ गाववतने रद्द करणारा कायदा केला आणि या सक्तीचा कायदेशीर आधार संपला. गावाच्या एकोप्याची आठवण काढताना हा तपशील सोडून देणारे लेखन अपुरेच म्हटले पाहिजे.

न्हाव्यांचा प्रसंगही याच प्रकारचा आहे. पती वारल्यावर ब्राह्मण आणि काही अन्य जातींतील विधवेचे केशवपन, म्हणजे डोक्याचे मुंडन, करण्याचे काम न्हाव्याला सांगितले जाई. 1890 मध्ये मुंबईतील न्हाव्यांनी सभा भरवून विधवांच्या केसांना वस्तरा न लावण्याचा ठराव केला, आणि त्यामागे ‘दीनबंधू’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांची प्रेरणा होती. मृत्यूच्या घरी सेवा देणाऱ्या जातीने, आपली सेवा त्या घरातील सर्वांत दुबळ्या व्यक्तीला इजा करते म्हणून ती नाकारली, असे उदाहरण भारताच्या सामाजिक इतिहासात विरळाच सापडेल.

मदत जिथे इतकी आवश्यक, तिथे ती नाकारणे हे सर्वांत भयंकर शस्त्र ठरते. जातपंचायतीने एखाद्या कुटुंबाला वाळीत टाकले की त्याच्या लग्नाला कोणी जात नसे. तथापि खरी धास्ती मयताची असे, कारण चार खांदेकरी मिळाले नाहीत तर प्रेत उचलायचे कसे, हा प्रश्न कोणत्याही बंडखोराला एका क्षणात एकटा पाडू शकत होता. सुधारकांच्या घरांनी ही भीती जवळून पाहिली. गोपाळ गणेश आगरकर 1895 मध्ये वारले तेव्हा त्यांनी स्वतःच्या दहनासाठी काही रुपये पुडीत बांधून ठेवले होते, असे त्यांच्या चरित्रांत नमूद आहे. ज्यांची जिवंतपणीच प्रेतयात्रा काढण्यापर्यंत विरोधकांची मजल गेली होती, त्यांना आपल्यामागे पत्नीला कोणापुढे हात पसरावा लागू नये असे वाटणे स्वाभाविक होते. मुंबई राज्याने 1949 मध्ये जातिबहिष्काराला बंदी करणारा कायदा केला, पण दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला दिलेल्या आव्हानानंतर 1962 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला. त्या खटल्यातील एक कळीचा मुद्दा बहिष्कृताला समाजाच्या दफनभूमीत जागा मिळण्याचा होता. त्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळ गेल्यावर महाराष्ट्राने 2016 मध्ये सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा संमत केला, जो 2017 मध्ये लागू झाला, आणि त्यात अंत्यविधीत अडथळा आणणे हाही बहिष्काराचाच एक प्रकार मानला गेला.

जातीच्या मदतीवाचून अंत्यविधी पार पाडता येतो, हे संघटितपणे दाखवण्याचा पहिला मोठा प्रयत्न सत्यशोधक समाजाने केला. महात्मा जोतीराव फुले यांनी 24 सप्टेंबर 1873 रोजी स्थापन केलेल्या या समाजाने भटाशिवाय लग्ने लावली, हे सर्वश्रुत आहे. जोतीरावांच्या मृत्यूनंतर 1891 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘सार्वजनिक सत्यधर्म’ या पुस्तकात प्रेतसंस्काराचाही साधा विधी दिला आहे. स्वतः जोतीरावांनी आपला देह मिठात घालून पुरावा अशी इच्छा मृत्युपत्रात लिहून ठेवली होती. 28 नोव्हेंबर 1890 रोजी ते वारले तेव्हा घराच्या मागे खड्डाही तयार होता, परंतु वस्तीच्या जागी दफन करण्यास नगरपालिकेने परवानगी न दिल्याने अखेर दहन करावे लागले. त्या वेळी टिटवे, म्हणजे प्रेतासमोर धरायचे अग्नीचे मडके, कोणी धरायचे यावरून वाद उभा राहिला. टिटवे धरणारा वारस ठरतो असा समज असल्याने पुतण्यांनी दत्तक पुत्र यशवंत याच्या अधिकाराला हरकत घेतली. जोतीरावांच्या पत्नी सावित्रीबाईंनी टिटवे स्वतःच्या हाती घेतले, त्या अंत्ययात्रेच्या पुढे चालल्या आणि त्यांनीच अग्नी दिला. ज्या काळात बहुतेक जातींत बाई स्मशानात पाऊलही टाकत नव्हती, त्या काळातील ही घटना आहे, आणि तिचे मोल धैर्याच्या एका प्रसंगापुरते मानू नये. सत्यशोधक मंडळी त्या दिवशी भावकीच्या जागी उभी राहिली, म्हणून ती घडू शकली.

हिंदू जातींबाहेरच्या समाजांत या मदतीची घडण वेगळी होती. मुसलमानांत मृताला गुस्ल, म्हणजे स्नान, घालणे, कफन नेसवणे, जनाज्याची नमाज आणि दफन ही कर्तव्ये ‘फर्ज-ए-किफाया’ मानली जातात; याचा अर्थ ती साऱ्या समाजावर बंधनकारक आहेत, काहींनी पार पाडली तर सर्व मुक्त होतात आणि कोणीच पार पाडली नाहीत तर दोष सर्वांना लागतो. कोकणातील गावांतून जमात, म्हणजे मशिदीभोवती बांधलेली वस्तीची संघटना, हे काम पाहते. गोव्यात पोर्तुगिजांबरोबर ‘मिझेरिकॉर्डिया’ ही धर्मादाय बंधुसंस्था आली, जी लिस्बनमध्ये 1498 मध्ये स्थापन झाली होती आणि जिच्या सप्त सत्कृत्यांत मृतांना पुरणे हे एक होते. गावच्या चर्चशी जोडलेले ‘कोंफ्रारिया’ हे बंधुमंडळ सभासदाच्या अंत्ययात्रेला ठरावीक झगे घालून मेणबत्त्यांसह हजर राहते. मात्र ही मंडळेही दीर्घकाळ जातीनुसार वेगवेगळी होती, म्हणजे धर्म बदलला तरी खांदेकऱ्यांची जात बदलली नाही.

पारशी समाजाने प्रेत वाहण्याचे काम ‘नसेसालार’ या वेगळ्या वर्गाकडे सोपवले. मलबार टेकडीवरील पहिला दोखमा, म्हणजे प्रेत उघड्यावर ठेवण्याची वर्तुळाकार दगडी इमारत, सतराव्या शतकाच्या आठव्या दशकात मोदी हिरजी वाच्छा यांनी बांधला. तेव्हापासून डुंगरवाडीत, म्हणजे दोखम्यांच्या या परिसरात, जी व्यवस्था वाढत गेली, तिचा एक भाग विशेष लक्षात घेण्यासारखा आहे: मृताच्या कुटुंबाला तिथल्या बंगलीत चौथ्या दिवसापर्यंत राहता येते, घरची कामे मागे ठेवून प्रार्थना आणि शोक यांनाच वेळ देता येतो. दुःखी माणसांसाठी स्वतंत्र निवारा बांधण्याची ही कल्पना मुंबईत इतक्या लवकर रुजली, ही स्तुत्य गोष्ट आहे. पण तिची किंमत नसेसालारांनी मोजली, कारण ज्यांच्यावाचून पारशी घराचे एकही मयत उठत नव्हते, त्यांना समाजाने शतकानुशतके अंतरावर ठेवले.

मुंबई शहराने या सर्व जुन्या घडी एकत्र आणून विस्कटल्या. मरीन लाइन्सजवळच्या सोनापूर भागातील हिंदूंची स्मशानभूमी वाढत्या वस्तीला त्रासदायक होते म्हणून ती शिवडीकडे हलवावी, असा सरकारी विचार एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला पुढे आला, तेव्हा जगन्नाथ शंकरशेट यांनी त्याला विरोध केला आणि स्मशान जागच्या जागी राहिले. चंदनवाडीची आजची स्मशानभूमी याच परिसरात आहे. खांद्यावरून नेण्याच्या त्या काळात शिवडीचे अंतर गरिबाला परवडणारे नव्हते, त्यामुळे हा वाद रूढीच्या अभिमानाइतकाच पायी चालण्याच्या वास्तवाचाही होता. 1888 च्या महापालिका कायद्याने मृतांच्या विल्हेवाटीसाठी जागा पुरवण्याची जबाबदारी पालिकेवर टाकली आणि मृत्यूची नोंद, जागेची देखरेख, लाकडाची व्यवस्था अशी जी कामे गावात कोणाच्या तरी तोंडी हवाली असत, ती हळूहळू कारकुनाच्या वहीत आली.

सप्टेंबर 1896 मध्ये डॉ. आकासियो व्हिएगस यांनी मांडवी भागात प्लेगचे निदान केले आणि पुढच्या काही महिन्यांत लाखो लोक शहर सोडून गेले. जुन्या मदतीची यापेक्षा कठोर परीक्षा झाली नव्हती, कारण तिचा सारा आधार माणसांच्या गर्दीवर होता आणि प्लेगमध्ये गर्दी हेच मरणाचे कारण होते. 1897 च्या साथरोग कायद्याने अधिकाऱ्यांना घरात शिरण्याचे, रोगी हलवण्याचे आणि प्रेत तपासण्याचे अधिकार दिले. पुण्यात प्लेग अधिकारी रँड याच्या कारभाराविरुद्ध जो संताप उसळला, त्यात घरातल्या आजाऱ्याला आणि मृताला परक्या हातांनी स्पर्श होण्याचे दुःख मोठे होते. त्याच साथीत रुग्णांना उचलून यशवंतच्या दवाखान्यात नेणाऱ्या सावित्रीबाई 10 मार्च 1897 रोजी प्लेगनेच वारल्या.

गिरण्यांच्या मुंबईत रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडून आलेल्या कामगारांनी गावाची मदत चाळीत नव्याने उभी केली. एका गावच्या माणसांनी मिळून घेतलेली खोली, तिच्याशी जोडलेले ग्रामस्थ मंडळ आणि भजनी मंडळ यांच्याकडे महिन्याच्या वर्गणीतून जमलेला थोडा पैसा असे, आणि कोणी वारले की सामान आणणे, पाळी बुडवून स्मशानात जाणे, गावाकडे कळवणे आणि विधवेला मुलांसह गाडीत बसवून देणे ही कामे मंडळ करी. गोवेकरांचे ‘कूड’, म्हणजे गाववार चालणारी वसतिगृहे, आपल्या माणसांच्या आजारपणात आणि मृत्यूत असाच आधार देत. गावाकडे जाणाऱ्या पत्राचा कोपरा फाडलेला असे. असे कार्ड हाती पडले की वाचण्याआधीच घराला कळायचे, आणि वाचून झाल्यावर ते घरात ठेवत नसत. महाराच्या पायांनी जाणारा सांगावा या काळात टपाल आणि तार खात्याकडे गेला, ही त्या सेवेच्या सक्तीतून झालेली खरी सुटका होती. तारसेवा 2013 मध्ये बंद झाली.

शोकाच्या दृष्टीने या सर्व काळात सर्वांत चिवट राहिलेला दिवस दहावा होय. नदीच्या घाटावर पिंड मांडून कावळ्याने शिवण्याची वाट पाहिली जाते, आणि कावळा येईना की जमलेल्यांपैकी एकेक जण पुढे होऊन मृताला वचन देतो: धाकट्याचे शिक्षण पुरे करू, मुलीचे लग्न लावून देऊ, भावाभावांत वाद होऊ देणार नाही. शेवटी कावळा आलाच नाही तर दर्भाचा कावळा करून शिवतात. या विधीवर बुद्धिवाद्यांनी केलेली टीका कावळ्याच्या बाबतीत रास्त आहे. परंतु त्या अर्ध्या तासात मागे राहिलेल्या कुटुंबाच्या जबाबदाऱ्या पंचवीस-पन्नास साक्षीदारांसमोर मोठ्याने उच्चारल्या जातात आणि कोणीतरी त्या अंगावर घेतो, हे या टीकेत सहसा ध्यानात घेतले जात नाही. त्यानंतर तेराव्याला गोड जेवण आणि दुखवटा होतो. दुखवटा म्हणजे सोयऱ्यांनी शोकग्रस्तांना नवे वस्त्र, टोपी किंवा साडी देऊन पुन्हा व्यवहारात आणणे. कर्त्या मुलाच्या डोक्यावर पागोटे बांधले जाई आणि घराचा कारभार आता त्याच्याकडे आहे हे सर्वांना कळे. शोकाला मुदत घालून देण्यात कठोरपणा आहे, तरी ती मुदत संपल्याचे सांगायला दुसरे कोणी घरी येत होते, यात मोठा दिलासाही होता. नाशिकच्या रामकुंडावर अस्थी घेऊन येणाऱ्यांना तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत आपल्या पूर्वजांची नावे वाचायला मिळतात, आणि त्यांच्याखाली नव्या मृताचे नाव लिहिले जाते. त्या नोंदीचे समाधान घेऊन माणसे परत जातात.

14 ऑक्टोबर 1956 च्या नागपूरच्या धर्मांतरानंतर महाराष्ट्रातील बौद्धांनी ही सारी घडी मुळातून बदलली. अवघ्या आठ आठवड्यांत बाबासाहेबांचे निधन झाले आणि 7 डिसेंबर रोजी दादर चौपाटीवर बौद्ध पद्धतीने झालेला त्यांचा अंत्यसंस्कार लाखोंनी पाहिला. नव्या धर्माचा अंत्यविधी कसा असतो, याचा पहिला धडा समाजाला त्यातूनच मिळाला. पुढे त्रिशरण-पंचशील, जलदान आणि पुण्यानुमोदन, म्हणजे मृताच्या नावे केलेल्या सत्कर्माचे पुण्य सर्वांनी मिळून वाटून घेण्याचा कार्यक्रम, अशी साधी रीत वस्त्यावस्त्यांत रूढ झाली. त्यात सुतक नाही, पिंड नाही, कावळा नाही, आणि बायका पुरुषांच्या बरोबरीने असतात. ज्यांच्या पूर्वजांनी शतकानुशतके इतरांच्या सरणाचे लाकूड वाहिले, त्यांनी आपल्या मृतांसाठी महाराष्ट्रातील सर्वांत समतेचा विधी घडवला, ही या इतिहासातील सर्वांत महत्त्वाची घटना मानावी लागेल.

आजच्या शहरात शववाहिनी फोनवर येते, विद्युत किंवा गॅस दाहिनीत वेळ ठरवून मिळते, तिरडीचे सारे सामान एका दुकानात बांधून मिळते आणि ठरावीक रकमेत सर्व काही करून देणाऱ्या संस्थाही आहेत. यात वाईट काही नाही. एकट्या राहणाऱ्या वृद्धाला किंवा परदेशी मुले असलेल्या घराला याच सेवांचा आधार असतो, आणि जातीची ओळख न विचारता ही सेवा मिळते, हा लाभ तर फार मोठा आहे. कोल्हापूरने मात्र वेगळा मार्ग दाखवला आहे. तिथे पंचगंगेच्या स्मशानभूमीत महापालिका विनामूल्य अंत्यसंस्कार करते आणि दहनासाठी लागणाऱ्या शेणी, म्हणजे गोवऱ्या, नागरिक आणि तालीम मंडळे होळी लहान करून दान देतात. घरटी लाकडाचा जुना रिवाज शहराच्या मापाने आणि जातीची अट काढून टाकून पुन्हा उभा करता येतो, याचा हा चालता पुरावा आहे. करोनाच्या साथीत, 2020 आणि 2021 मध्ये, घरची माणसे विलगीकरणात अडकली असताना पालिकेच्या कामगारांनी आणि तरुणांच्या गटांनी परधर्मीयांचेही अंत्यविधी केले. पराशराने अनाथप्रेताविषयी जे पुण्य एका वर्णापुरते सांगितले होते, ते या लोकांनी सर्वांसाठी खरे केले.

तरीही दोन गोष्टी मागे राहिल्या आहेत. पहिली विधवेची: पतीच्या प्रेतासमोर तिच्या बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे आणि मंगळसूत्र तोडणे हे काम मदतीला आलेल्या बायकांच्याच हातून होत आले, आणि दुःखाच्या सर्वांत कठीण क्षणी तिला अपमानाची भर मिळाली. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड या गावाच्या ग्रामसभेने 4 मे 2022 रोजी ठराव करून ही प्रथा बंद केली, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर गावांनी त्याचे अनुकरण करावे असे सुचवले. दुसरी गोष्ट जागेची: पाणवठा सर्वांना एक व्हावा म्हणून डॉ. बाबा आढाव यांनी 1970 च्या दशकात ‘एक गाव, एक पाणवठा’ ही मोहीम चालवली, पण स्मशाने अनेक गावांत अजून जातवार आहेत, आणि ज्या वस्तीला स्वतःचे स्मशान किंवा तिथपर्यंतचा रस्ता नाही, तिला पावसाळ्यात चिखलातून आणि ओढ्यातून तिरडी न्यावी लागते. हेरवाडच्या ग्रामसभेला आपला ठराव करण्यासाठी कोणत्याही नव्या कायद्याची वाट पाहावी लागली नाही. सर्व जातींसाठी एकच स्मशान आणि तिथपर्यंत पक्का रस्ता, हा ठरावही त्याच ग्रामसभेच्या हातात आहे, आणि तो प्रत्येक गावाने येत्या सभेत विषयपत्रिकेवर घ्यावा.